तिसरा फ्लॉपी ड्राइव्ह: जागा आहे, पण तार कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा: एक्सटी जातीचा (आयबीएम पीसी एक्सटीसारखा) जुना पीसी आहे. आत 360 केचे दोन 5.25 इंची ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क. त्यात 3.5 इंची ड्राइव्ह तिसरा म्हणून हवा आहे. रिबन केबलवर आणखी एक कनेक्टर दाबून बसवला, पण आता बी: म्हटलं की दोन ड्राइव्हचे दिवे एकदम लागतात आणि वाचताना चुका येतात. ड्राइव्ह बिघडलाय की कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारं कार्ड)?

बहुतेक दोन्ही धडधाकट आहेत. त्या केबलवर तिसऱ्या ड्राइव्हसाठी तारच शिल्लक नाही, एवढंच. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की हजेरीला दोघंही ‘हजर’ म्हणतात, तसं तुमच्याकडे चाललंय. असं का होतं ते एकदा कळलं की पुढचे निम्मे घोटाळे आपोआप टळतात, म्हणून जरा मागे जातो.

34 पिनांची ही व्यवस्था शुगार्ट कंपनीच्या 1976 सालच्या एसए 400 या ड्राइव्हपासून चालत आली आहे. विषम क्रमांकाच्या पिना ग्राउंड (0 व्होल्ट), सम क्रमांकाच्या पिनांवर संदेश. संदेश चालू म्हणजे ती तार 0 व्होल्टला ओढलेली. कुणी ओढत नसेल तेव्हा ती 5 व्होल्टच्या आसपास. या जुन्या पद्धतीत केबल सरळ असायची. प्रत्येक ड्राइव्हला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून स्वतःचा नंबर द्यायचा. मोटरची तार मात्र सगळ्यांत मिळून एकच, त्यामुळे एकाला हाक मारली की सगळ्यांच्या मोटरी फिरायच्या.

आयबीएमने 1981 मध्ये पहिला पीसी काढला तेव्हा दोन गोष्टी साधल्या. प्रत्येक ड्राइव्हची मोटर वेगळी चालवायची, आणि जोडणाऱ्याला जंपरच्या भानगडीत पडायला लावायचं नाही. म्हणून सगळ्या ड्राइव्हना एकच, म्हणजे दुसरा नंबर दिला आणि केबललाच पीळ घातला. कंट्रोलरच्या बाजूने पाहिलं तर पिन 10 म्हणजे ए ची मोटर, 12 म्हणजे बी ची निवड, 14 म्हणजे ए ची निवड, 16 म्हणजे बी ची मोटर. मधल्या कनेक्टरला केबल सरळ जाते, तिथला ड्राइव्ह बी. तिथून पुढे 10 ते 16 या सात तारा उलट्या फिरवलेल्या असतात, त्यामुळे टोकाच्या ड्राइव्हला आपल्या 12 आणि 16 वर ए चे संदेश मिळतात. दोन्ही ड्राइव्ह स्वतःला ‘दुसरा’ समजतात, आणि कोण कुठला ते पीळ ठरवतो.

या सोयीची किंमत उघड आहे. शुगार्टच्या पद्धतीत निवडीसाठी असलेल्या तारांपैकी काही मोटरसाठी खर्ची पडल्या. दोन निवडी, दोन मोटरी, चार तारा संपल्या. पीळवाल्या केबलवर तिसरा कनेक्टर कुठेही बसवा, तो ए चा तरी जुळा होणार नाहीतर बी चा. जंपर बदलूनही काही साधत नाही, कारण बाकीच्या नंबरांच्या जागी केबलमध्ये मोटरचे किंवा दुसऱ्या ड्राइव्हच्या निवडीचे संदेश आहेत, नाहीतर काहीच नाही. जंपर पहिल्या नंबरवर लावलात तर मोटरचा संदेश आला की ड्राइव्ह त्याला निवड समजेल आणि भलत्याच वेळी दिवा लावून बसेल.

जंपरवरून आठवलं. काही ड्राइव्हवर नंबर डीएस0 पासून छापलेले असतात, काहींवर डीएस1 पासून. म्हणजे पीसीला हवा असलेला ‘दुसरा’ एका ड्राइव्हवर डीएस1 आणि दुसऱ्यावर डीएस2. छापलेला आकडा वाचून जंपर लावू नका. वीज बंद ठेवून मल्टिमीटरने जंपरची पिन 12 ला जोडलेली आहे का ते पाहा, वाद संपला. नंतरच्या बऱ्याच 3.5 इंची ड्राइव्हवर जंपरच नसतो, नंबर कारखान्यातूनच दुसरा असतो. कधी बाजूला नखाएवढा सरकता स्विच किंवा सोल्डरचे ठिपके सापडतात.

मग तिसरा आणि चौथा ड्राइव्ह जातो कुठे? आयबीएमच्या मूळ फ्लॉपी कार्डाच्या मागच्या पट्टीवर 37 पिनांचा एक डी आकाराचा कनेक्टर आहे. तो या दोघांसाठीच. कार्डावरची एनईसी 765 ही चिप चार ड्राइव्ह हाताळते: दोन आतून, दोन बाहेरून. तुमचं कार्ड त्याची नक्कल असेल तर हा कनेक्टर असेल, किंवा निदान त्याची रिकामी भोकं असतील. सगळं एकत्र असलेल्या नंतरच्या कार्डांवर तो बहुधा कापलेला असतो. तसं असेल तर पुढचा थोडा भाग सोडून एटीवाल्या (एटी म्हणजे एक्सटीनंतरचा पीसी) परिच्छेदावर या.

या कनेक्टरची एक गंमत आहे आणि ती माहीत असली की केबल बाजारात शोधावी लागत नाही. आतल्या 34 पिनांच्या रांगेतला कुठलाही संदेश (पिन 8 पासून 32 पर्यंत) घ्या, त्याचा क्रमांक अर्धा करा आणि 2 मिळवा: बाहेरच्या कनेक्टरवरची पिन मिळते. इंडेक्स (फेरा पूर्ण झाल्याचा संदेश) आत 8 वर, बाहेर 6 वर. 10, 12, 14, 16 यांचं होतं 7, 8, 9, 10, फक्त ए आणि बी च्या जागी सी आणि डी. वाचलेला डेटा आत 30 वर, बाहेर 17 वर. ग्राउंड 20 ते 37. आता 37 पिनांचा दाबून बसवायचा रिबन कनेक्टर घेतला तर त्यातल्या तारांचा क्रम 1, 20, 2, 21, 3, 22 असा एकाआड एक चालतो. हिशेब मांडून पाहा: 34 तारांची रिबन पहिल्या तीन जागा रिकाम्या सोडून, लाल कड चौथ्या जागी ठेवून दाबली, की प्रत्येक संदेश आपापल्या पिनवर आणि प्रत्येक ग्राउंड ग्राउंडवर येतो. एकही तार सोल्डर करावी लागत नाही. दाबल्यावर निदान 8, 12, 14 आणि 30 या तारा मीटरने तपासा.

पीळ इथेही तोच. पिळाच्या पुढचा ड्राइव्ह सी म्हणजे तिसरा, सरळ कनेक्टरवरचा डी म्हणजे चौथा. इथे बरेच जण फसतात. एकच ड्राइव्ह लावायचाय म्हणून सरळ केबल बनवतात, आणि मग तो ‘तिसरा’ म्हणून सापडत नाही. सापडणार कसा? सरळ केबलवर तो चौथा आहे. ड्राइव्हला दोष देण्यापूर्वी चौथ्या नंबरने हाक मारून पाहा.

आता सॉफ्टवेअर. एक्सटीचं बायोस (बोर्डावरच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम) चार ड्राइव्हचे नंबर स्वीकारतं, 0 ते 3. डॉसला मात्र त्या नंबरमागे कुठल्या जातीचा ड्राइव्ह आहे हे सांगावं लागतं. डॉस 3.2 पासून त्यासाठी ड्रायव्हर.सिस नावाची फाइल येते, आणि 720 केच्या फ्लॉपीची ओळखही तिथूनच सुरू होते. त्याहून जुना डॉस असेल तर आधी तो बदला. कॉन्फिग.सिस मध्ये (डॉस सुरू होताना वाचतो ती फाइल) डिव्हाइसच्या ओळीत ड्रायव्हर.सिस लिहून पुढे /डी:2 /एफ:2 द्यायचं. /डी म्हणजे ड्राइव्हचा नंबर, शून्यापासून मोजून, म्हणून तिसऱ्यासाठी 2 आणि चौथ्यासाठी 3. /एफ म्हणजे जात: 0 म्हणजे 360 के, 1 म्हणजे 1.2 एमबी, 2 म्हणजे 720 के, 7 म्हणजे 1.44 एमबी. एकीकडे नंबर आणि दुसरीकडे जात, पण आकडा दोन्हीकडे 2 च, त्यामुळे कोणता कशाचा याची गल्लत होते. बोर्डावर ड्राइव्हची संख्या सांगणारे दोन स्विच असतात (आयबीएमच्या बोर्डावर 7 आणि 8). ड्रायव्हर.सिस बायोसला थेट नंबर सांगून काम करून घेतं, त्यामुळे मी ते स्विच दोन ड्राइव्हवरच ठेवतो.

3.5 इंची ड्राइव्ह 1.44 एमबीचा असला तरी एक्सटीच्या कार्डावर तो 720 केचाच ड्राइव्ह म्हणून चालेल. कारण वेग. जुनं कार्ड सेकंदाला 250 किलोबिट एवढंच देतं-घेतं, 1.44 ला 500 लागतात. यात एक खोच आहे: 1.44 ची फ्लॉपी घालून ती 720 वर फॉर्मॅट करू नका. बरेचसे ड्राइव्ह फ्लॉपीचं दुसरं भोक पाहून स्वतःच लिहिण्याचा विद्युतप्रवाह बदलतात, कंट्रोलर मात्र जुन्या वेगाने लिहीत राहतो. आज वाचली जाते, महिन्याने जात नाही. खऱ्या 720 केच्या, एका भोकाच्या फ्लॉप्या वापरा.

1.2 एमबीचा 5.25 इंची ड्राइव्ह मात्र या कार्डावर लावूच नका. तो मिनिटाला 360 फेरे फिरतो, 360 केचा ड्राइव्ह 300. त्या जास्त वेगात 360 केची फ्लॉपी वाचायला 300 किलोबिटचा वेग लागतो आणि तो या कार्डाकडे नाही. एटीवर तो चालतो, पण तिथे दुसरा त्रास. त्याचा ट्रॅक (डेटाचा गोल पट्टा) 360 वाल्याच्या निम्म्या रुंदीचा. जुन्या 360 केच्या फ्लॉपीवर त्याने काही लिहिलं की रुंद जुन्या पट्ट्यावर अरुंद नवा पट्टा पडतो, आणि ती फ्लॉपी परत जुन्या ड्राइव्हमध्ये घातली की वाचणाऱ्या डोक्याला दोन्ही एकदम ऐकू येतात. देवाणघेवाण करायचीच तर चुंबकाने पूर्ण पुसलेली फ्लॉपी घेऊन ती 1.2 च्या ड्राइव्हमध्येच 360 वर फॉर्मॅट करावी.

एटीवर तिसरा ड्राइव्ह हवा असेल तर वाट वेगळी. 1984 च्या एटीपासून कार्डावरचा बाहेरचा कनेक्टर गेला, आणि सेटअपच्या स्मृतीत फ्लॉपीसाठी एकच बाइट ठेवला: अर्ध्यात ए ची जात, अर्ध्यात बी ची. तिसऱ्याची नोंद करायला जागाच नाही. अशा वेळी स्वतःचं बायोस असलेलं, चार ड्राइव्ह हाताळणारं कार्ड घ्यावं आणि बोर्डावरचा किंवा जुन्या कार्डावरचा फ्लॉपी कंट्रोलर पूर्ण बंद करावा. दुसरा कंट्रोलर पर्यायी पत्त्यावर (370 हेक्स) ठेवता येतो, पण दोघांनाही इंटरप्ट 6 आणि डीएमए 2 (प्रोसेसरला हाक मारायची आणि डेटा हलवायची वाट) हेच हवं असतं, आणि ही भांडणं सोडवण्यात कितीतरी संध्याकाळी खर्च होतात. शेवटच्या काळातल्या काही मदरबोर्डांवर तर बी च्या ताराही काढून टाकल्या आहेत. तिथे पीळ असो नसो, एकच ड्राइव्ह चालतो.

फार खटाटोप नको असेल तर एकाच जातीचे दोन ड्राइव्ह ‘बी’ म्हणून लावा आणि निवड व मोटर या दोन तारा दोन खांबी स्विचमधून हव्या त्या ड्राइव्हकडे वळवा. दिसायला गावठी, पण वर्षानुवर्षं चालतं. स्विच फिरवल्यावर डॉसला वाटतं तीच फ्लॉपी आत आहे, म्हणून लिहिण्याआधी कंट्रोल-सी दाबून एकदा डिर (फाइलींची यादी) करायची सवय लावा.

आता टर्मिनेटर. 5.25 इंची ड्राइव्हवर सॉकेटात बसवलेली रेझिस्टरची पट्टी किंवा चिप असते, साधारण 150 ओहमची. ती केबलच्या टोकाच्या ड्राइव्हवरच ठेवायची, मधल्याची काढायची. लोक हे अंधश्रद्धेसारखं पाळतात किंवा अंधश्रद्धा म्हणून सोडून देतात, म्हणून हिशेब देतो. तार खाली ओढताना 5 व्होल्ट आणि 150 ओहम म्हणजे 33 मिलिअँपिअर. तार ओढणाऱ्या 7438 सारख्या चिपची क्षमता 48. दोन टर्मिनेटर लागले की 75 ओहम, 67 मिलिअँपिअर. चिप लगेच जळत नाही, पण तार नीट 0 पर्यंत येत नाही. मग कधी वाचतं, कधी नाही, आणि थंड असताना बरं चालतं वगैरे कथा सुरू होतात. एकही टर्मिनेटर नसेल तर तारा अधांतरी राहतात, तेव्हाही लक्षणं जवळपास हीच. 3.5 इंची ड्राइव्हमध्ये साधारण 1000 ओहमचे रेझिस्टर कायमचे असतात, त्यांना हात लावायची गरज नाही. पण केबलच्या टोकाला 3.5 इंची आणि मध्ये 5.25 इंची असेल तर मी मधल्याचा टर्मिनेटर ठेवतो. नियमाला सोडून आहे, पण केबल हातभर लांब असताना चालतं. तुमच्या बाहेरच्या केबलवर 3.5 इंची एकटाच असल्याने हा प्रश्नच येणार नाही.

आणि आता एक चूक जी मी स्वतः केली आहे. नवी केबल, ड्राइव्हच्या बाजूचा कनेक्टर उलटा लागला. दिवा सतत लागलेला, मोटर चालू. ‘अरे, उलटी लागली’ म्हणून वीज बंद केली, केबल फिरवली, सुरू केलं, आणि मशीन बूट होईना. कारण दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बूटची फ्लॉपी होती. कनेक्टर उलटा लागला की ड्राइव्हच्या सगळ्या संदेशाच्या पिना ग्राउंडला लागतात, म्हणजे निवड, मोटर आणि ‘लिही’ हे तिन्ही हुकूम एकदम चालू. वर त्या ड्राइव्हच्या ग्राउंड पिना केबलमधल्या संदेशाच्या तारांनाही खाली ओढतात, त्यामुळे केबलवरच्या दुसऱ्या, सरळ लागलेल्या ड्राइव्हलाही तेच हुकूम मिळतात. दोन्ही डोकी जिथे असतील तिथला ट्रॅक पुसला जातो, आणि डोकं बहुधा ट्रॅक 0 वर असतं. नवी केबल पहिल्यांदा लावताना कुठल्याही ड्राइव्हमध्ये फ्लॉपी ठेवू नका. ठेवायचीच तर लिहिण्याची खाच बंद केलेली. ती खाच ड्राइव्ह स्वतः पाहतो, तिथे केबलचं काही चालत नाही.

विजेचं बोलायचं तर 3.5 इंचीला ती फारशी लागत नाही. पूर्ण उंचीचे जुने ड्राइव्ह मात्र 12 व्होल्टवर सुरुवातीला जोरात ओढतात. पहिल्या पीसीचा पॉवर सप्लाय 63.5 वॉटचा होता, एक्सटीचा 130. पहिल्या पीसीवर जास्तीचा ड्राइव्ह वेगळ्या सप्लायवर चालवा आणि दोन्ही सप्लायचे ग्राउंड जोडा. छोट्या चार पिनांच्या कनेक्टरवर एका टोकाला 5 आणि दुसऱ्या टोकाला 12 व्होल्ट असतात. तो एक पिन सरकून बसला तर ड्राइव्ह कायमचा जातो. टॉर्च घेऊन बघून लावा.

एक शेवटची खोड: पिन 34. एटीपासूनच्या पीसीवर तिथे ‘फ्लॉपी बदलली’ हा संदेश अपेक्षित असतो, पण दुसऱ्या मशीनमधून काढलेल्या काही ड्राइव्हवर तिथे ‘तयार आहे’ हा संदेश असतो. मग फ्लॉपी बदलूनही डिरमध्ये जुनीच यादी दिसते, आणि त्या भरवशावर लिहिलंत तर नव्या फ्लॉपीवर जुन्या फ्लॉपीचा नकाशा उतरतो. मूळ आयबीएम कार्डाच्या 37 पिनांवर हा संदेश नाहीच, म्हणून ड्रायव्हर.सिसला /सी ही खूण देऊ नका.

पीसी सोडून इतर मशीनवर यातलं बरंच लागू होत नाही. कमोडोर 64 च्या 1541 ड्राइव्हमध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो. तिथे फक्त 8 ते 11 मधला वेगळा नंबर द्यायचा आणि एकामागे एक साखळी करायची. अॅपल टू वर एका कार्डाला दोनच ड्राइव्ह, जास्त हवे तर दुसऱ्या स्लॉटात दुसरं कार्ड. 20 पिनांचा तो कनेक्टर एक जागा सरकला तर ड्राइव्हमधली 74एलएस125 चिप जाते, हे ठाऊक असू द्या. अमिगावर बाहेर तीन ड्राइव्ह चालतात, पण प्रत्येकाने मोटरची स्थिती स्वतः लक्षात ठेवायची आणि विचारल्यावर ओळख द्यायची असते, म्हणून पीसीचा नुसता ड्राइव्ह तिथे छोट्या सर्किटशिवाय दिसत नाही. टीआरएस-80 मॉडेल 1 चा उपाय मला फार आवडतो: ड्राइव्हवरचे सगळे जंपर लावलेले, आणि केबलच्या कनेक्टरमधले नको ते दातच उपटलेले. आयबीएमच्या पिळाआधीचा तोच विचार.

तर तुमच्या मशीनवर क्रम असा. तिसरा कनेक्टर काढून टाका. 3.5 इंची ड्राइव्ह आधी एकटा, ए च्या जागी लावून नीट फिरतो का, सुरुवातीला डोकं सरकवून ट्रॅक 0 शोधतो का ते ऐका. मग 37 पिनांची केबल, पिळासकट. मग कॉन्फिग.सिस. बूट होताना ड्रायव्हर.सिस कुठलं अक्षर मिळालं ते पडद्यावर सांगतं. एकच हार्ड डिस्क आणि तिचा एकच भाग असेल तर ते डी असेल (हे डॉसचं अक्षर, केबलवर ड्राइव्ह सी म्हणजे तिसराच). त्यात 720 केची रिकामी फ्लॉपी घालून फॉर्मॅट करा. दिवा लागला पण मोटर फिरली नाही तर पिळात 16 ची तार चुकली आहे. मोटर फिरते पण दिवा लागत नाही तर 12 ची. दोन्ही गप्प असतील तर /डी:2 च्या जागी /डी:3 करून पाहा, आणि तरीही काही नाही तर कार्डाच्या मागच्या कनेक्टरवर पिन 7 आणि 9 खाली येतात का ते मीटरने बघून मला आकडे कळवा.